आमची भोंगा

तिला आवाज नव्हता. मुकी नव्हती, घसाही बसलेला नसायचा; पण देवानं तिला जो आवाज दिला होता तो दोन माणसांपुरताच होता. तिसऱ्याला ऐकायचं असेल तर त्यानं खुर्ची ओढून जवळ यावं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्वागत समारंभात ती आभार मानायला उभी राहिली. माइकवाल्यानं आवाज वाढवत वाढवत इतका वर नेला की स्पीकरनं किंकाळी फोडली, तरी मागच्या रांगेतले प्राध्यापक घड्याळाकडं पाहत, ही बाई आता कधी सुरू करणार म्हणून थांबलेले. तोवर ती आभार मानून खालीसुद्धा उतरली होती. त्याच दिवशी मी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. देवळाच्या शिखराला बांधतात तो भोंगा. मला वाटलं, रडेल, निदान चार दिवस रुसेल तरी. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनपाशी मी "ए भोंगा!" म्हणून हाक मारली, तर ती वळली आणि म्हणाली, "हाव, बोल." झालं. तिचं खरं नाव त्यानंतर फक्त हजेरीपुरतं उरलं.

मी दुसरबीडची. आमचं हॉटेल अगदी रस्त्याला लागून. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि समोरून दिवसभर धडधडत जाणारे ट्रक. त्या ट्रकांच्या वर आवाज काढून "दोन कट चहा, एक भजं!" असं आत ओरडत मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे पुढारीपणा म्हणजे आवाज, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या बाबतीत कॉलेजात मला जोड नव्हती. विद्यार्थी प्रतिनिधी निवडायचा होता त्या दिवशी मी नवा ड्रेस घालून गेले होते, यावरून काय ते समजा.

निवडणूक वगैरे काही नव्हती. एनएसएसचे सर वर्गात आले, टेबलाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "काम सांगितल्यावर, झालं का म्हणून मला परत विचारावं लागत नाही, असं कोण आहे तुमच्यात?" सगळा वर्ग भोंग्याकडं पाहायला लागला. मीसुद्धा पाहिलं, मान आपोआप वळली, तिला मी काय करणार! भोंगा उठून उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली. सर जवळ गेले तेव्हा कळलं, ती म्हणत होती, "सर, मले बोलता नाही येत."

"बोलणारे भरपूर आहेत आपल्याकडं," सर म्हणाले, आणि का कोण जाणे, माझ्याकडं पाहून हसले.

ती उंद्रीची. घरचं शेत थोडकं, त्यात सगळा भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, नाहीतर ते वाटीत इडली घेऊन बसायचे. बाजाराच्या दिवशी तिची आई ओरडून गिऱ्हाईक बोलवायची आणि ही तराजू धरायची. "माय बोलते, मी तोलते," असं ती सांगायची. मी एकदा त्यांच्या दुकानाशेजारी तासभर बसले होते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की आई भांडायची, ही मात्र त्या बाईच्या तोंडाकडं पाहत नुसती ऐकायची. ऐकता ऐकता चार काड्या सांबार वर टाकायची. जाताना त्या बाया आईला काही म्हणत नसत, हिला "येते व माय" म्हणून जात.

प्रतिनिधी झाल्यावर तिच्याकडं तक्रारी यायला लागल्या. एसटीच्या पासाच्या रांगेतली धक्काबुक्की, वाचनालयात पंख्याखाली कोण बसणार, परीक्षेच्या तारखा. तावातावानं आलेल्या माणसाला ती एकच वाक्य म्हणायची, "मले नीट समजलं नाही, परत सांगा ना." सुरुवातीला मला वाटायचं, पोरगी जरा मंदच दिसते. पण गंमत अशी की संतापलेल्या माणसाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली की तो थोडा खाली येतो, आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याला स्वतःलाच ऐकू यायला लागतं. एक पोट्टा हॉस्टेलच्या पाण्यावरून टाळं ठोकायची भाषा करत आला होता. पहिल्यांदा म्हणाला, पाणीच नसते. दुसऱ्यांदा म्हणाला, पाणी असते पण बादली नसते. तिसऱ्यांदा थोडा थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जाऊ द्या ताई, बादली आमच्याच रूमवर आहे, आणून ठेवतो." भोंगा हसली नाही. तिनं त्याला "बरं झालं तुम्ही सांगतलं" म्हणून वाटेला लावलं, आणि तो पोट्टा खरंच काहीतरी मोठं काम केल्यासारखा गेला.

तरी मला राहवेना. प्रतिनिधीला भाषण आलं पाहिजे, हा माझा हेका. मी तिला शिकवायचं ठरवलं आणि एका रविवारी आमच्या हॉटेलवर घेऊन आले. म्हटलं, इथं उभी राहा आणि आतल्या आचाऱ्याला ऑर्डर सांग. हा रस्ता जिंकलीस तर सभा जिंकशील. भोंग्यानं ओढणी खोचली, छाती भरून श्वास घेतला आणि "दोन चहा" असं म्हटलं. शेजारच्या बाकड्यावरचा ड्रायव्हरसुद्धा वळला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. माझे बाबा गल्ल्यावर बसून पाहत होते. त्यांच्या पोटात हसू मावेना. शेवटी ती माझी नजर चुकवून सरळ आत गेली, आचाऱ्याजवळ उभी राहून काहीतरी बोलली आणि परत आली. दोन चहा आले, शिवाय न मागितलेली भजी आली, चटणीसकट. "हे चालत नाही," मी म्हटलं. "काऊन?" तिनं विचारलं, "चहा त आला ना." माझ्या शिकवणीचा तो पहिला आणि शेवटचा दिवस.

आता त्या शिबिराचं सांगते, कारण भोंगा म्हटलं की मला ते गावच आठवतं. साखरखेर्ड्याच्या पुढं, फाट्यापासून आत, लहानसं गाव. आमचं एनएसएसचं शिबिर तिथं शाळेत उतरलं होतं. दिवसा नाला खोदायचा, संध्याकाळी पथनाट्य, रात्री डासांशी कुस्ती. पहिल्याच दिवशी शीतल नावाची एक पोरगी आमच्यात येऊन बसली. बारावी झालेली, उंच, काटक, पोलीस भरतीची तयारी करणारी. करणारी म्हणजे करत होती. गावात शाळेमागं चांगलं मोठं ग्राउंड होतं, पण ते सकाळपासून पोट्ट्यांच्या ताब्यात. कोणी भरतीसाठी पळायचं, कोणी क्रिकेट खेळायचं. त्यामुळे शीतल आणि तिच्या मैत्रिणी उजाडायच्या आधी डांबरी रस्त्यावर पळायच्या. एका पहाटे ट्रॅक्टरची ट्रॉली इतक्या जवळून गेली की शीतल नालीत पडली. गुडघा फुटला. गुडघा बरा झाला, पण घरच्यांनी पळणं बंद केलं, आणि तिच्या पाठोपाठ बाकीच्या पोरींच्या घरीही तेच झालं.

"पळणं बंद म्हणजे भरती गेली," शीतल म्हणाली. "भरती गेली म्हणजे औंदाच लगन. पाहुणे पाहून बी गेले." हे तिनं बसचं वेळापत्रक सांगावं इतक्या सरळ सांगितलं.

"तुमाले ग्राउंड काऊन नाही भेटत?" भोंग्यानं विचारलं.

"मागतलंच नाही कोणं."

त्या रात्री भोंग्यानं सरांना सांगितलं की शिबिर संपायच्या आत तिला गावाशी ग्राउंडबद्दल बोलायचं आहे. पोरींना सकाळी एक तास, एवढंच मागणं. सरांनी मान हलवली. "शेवटच्या दिवशी आपण गावाला रोडगे जेवू घालतो," ते म्हणाले, "तेव्हा सगळं गाव समोर असेल. तेव्हा बोल." मी लगेच भाषण लिहायला बसले. त्यात 'रणरागिणी' हा शब्द मी किती वेळा घातला होता ते विचारू नका.

गावातल्या बायांमध्ये शब्द चालायचा तो शीतलच्या आजीचा. तिला सगळे नुसतं 'बुढी' म्हणत. शीतलचे वडील गरीब माणूस, आई त्याहून गरीब. घरात बुढी म्हणेल ते. नातीचं पळणं बुढीनंच बंद केलं होतं. बुढी हो म्हणाली तर गावातल्या बाकीच्या बाया हो म्हणतील, हे आम्हाला शीतलनंच सांगितलं.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही जोडीजोडीनं घरोघर आवतन देऊन आलो. साधं आवतन नाही, चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर जेवायला. इकडं कॉलेजच्या पोट्ट्यांनी गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर केला, कणकेचे रोडगे त्यात भाजायला टाकले. रोडगे भाजणं हे आमच्याकडं पुरुषांचं काम, आणि ते करताना पुरुष जितका गंभीर होतो तितका तो नोकरीच्या मुलाखतीतही होत नसेल. वांग्याची भाजी झाली, वरण झालं, तूप कढलं. भोंगा मला म्हणाली, "देवळात जाऊन भोंग्यावर सांग, जेवण तयार आहे म्हणून. तुह्या आवाजात सांग." इतके दिवस कोणीतरी हे म्हणावं म्हणून मी वाट पाहत होते. मी देवळात गेले, माइक हातात घेतला आणि अशी काही हाक दिली की शेजारच्या गावातही पाणी सुटलं असेल.

कोणी आलं नाही.

आम्ही पत्रावळी मांडून बसलो. दोन कुत्री आली. मी परत जाऊन परत ओरडले. तिसरं कुत्रं आलं. रोडगे निवायला लागले, वरणावर साय धरली. पोट्टे कुरकुरायला लागले, "गाव माजलेलं आहे सर, आपणच जेवून घेऊ." सर येरझारा घालत होते. भोंग्याचा चेहरा पार उतरला होता. थोड्या वेळानं ती उठली आणि शीतलच्या घराकडं निघाली. मी मागोमाग गेले.

बुढी ओट्यावर बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कपाळाला ताजं कुंकू. शेजारी शीतलची आई केस विंचरून, शीतलचे वडील धुतलेल्या टोपीत. आत चूल गार. सगळं घर लग्नाला निघाल्यासारखं तयार आणि भुकेनं कावलेलं.

"आजी, जेवाले काऊन नाही आल्या?" भोंग्यानं विचारलं.

"बलावणं कोठी आलं?"

"भोंग्यावर सांगतलं ना आजी. दोनदा सांगतलं."

"भोंगा काय कोनाच्या दारात येते का?" बुढी म्हणाली. "तो त साऱ्या गावाले सांगते. मले कोनं सांगतलं? भोंगा वाजला म्हनून ताट घेऊन धावत येवाव का आमी? हावरे आहो का?"

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागात सकाळचं आवतन हे नुसतं आवतन असतं. पान वाढायच्या वेळी घरचं माणूस पुन्हा दारात येतं, "चला, पान वाढलं" म्हणतं, त्याला बलावणं म्हणायचं. ते आल्याशिवाय माणूस घरातून पाऊल उचलत नाही, मग पोटात कावळे ओरडोत नाहीतर घारी. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याही गावात हेच चालतं. पण कॉलेजचं शिबिर, एनएसएसचा बॅनर, देवळातला माइक, हे सगळं हाताशी आलं आणि आम्ही आमच्याच घरची रीत विसरलो. कार्यक्रम करायला निघालेल्या माणसाचं असंच होतं.

भोंग्यानं ओट्याखाली उभं राहून हात जोडले. "चुकलं आजी. चला, पान वाढलं." एवढंच म्हणाली, आणि ते तिच्या त्या दोन माणसांपुरत्या आवाजात. बुढी गुडघ्यावर हात टेकून उठली.

मग गावभर धावपळ. भोंग्यानं एकच नियम घातला, सकाळी ज्यानं ज्या घरी आवतन दिलं त्यानंच त्या घरी जायचं. मी रस्त्यावरूनच हाका मारत निघाले होते, तर तिनं मला दंडाला धरून थांबवलं. "आत जाऊन सांग व." प्रत्येक घरात तेच दृश्य. तेल लावलेली डोकी, गार चुली, आणि भुकेनं रडून रडून झोपलेली लेकरं. थोड्याच वेळात पंगती बसल्या. रोडगे गार झाले होते, पण आरात परत ऊब देऊन, कुस्करून, त्यावर तूप घातल्यावर कोणी तक्रार केली नाही.

भोंगा तूप वाढत होती. बुढीच्या पानापाशी आली तशी बुढीनं तिचा हात धरला. "बस जराशी. आमची शीतल सांगे, जेवल्यावर तू गावाले काही मागनार आहे म्हने."

"हाव आजी."

"खाऊ घालून मागते का व?" बुढीचा आवाज चढलेला नव्हता. "तोंडात तुहा घास असल्यावर कोन नाही म्हनीन? आन् हो म्हनलं, त ते हो कोनाचं? माहं, का तुह्या रोडग्याचं?"

मी वरणाची बादली घेऊन मागंच उभी होते. मला वाटलं, आता भोंगा काहीतरी समजावून सांगेल. तिनं बुढीकडं पाहिलं, मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या शीतलकडं पाहिलं. "जेवा आजी," ती म्हणाली. "आज काही नाही मागत." आणि तिनं बुढीच्या रोडग्यावर आणखी तूप सोडलं.

जेवणं झाली. सरांनी माइक दिला. सगळं गाव समोर, सुपारी कातरत, पोट भरल्यावर असतो तशा खुशीत बसलेलं. भोंगा उभी राहिली, गावाचे आभार मानले, जे नेहमीप्रमाणे कोणाला ऐकू आले नाहीत, आणि खाली बसली. शीतल आमच्याकडं न पाहता घरी निघून गेली. माझ्या भाषणाच्या कागदात कोणीतरी उरलेला रोडगा बांधून नेला.

परतीच्या टेम्पोत मी तिच्यावर तुटून पडले. "एवढं गाव समोर बसलं होतं व! असं परत कधी भेटणार आहे का? आन् तू आभार मानले!"

"ते जेवाले आले होते," ती म्हणाली.

"मंग? त्या पोरीचं लगन लावाले निघाले तिथं!"

"माहीत आहे मले." तिचे डोळे भरले होते. "पन बुढीचं बरोबर आहे. परत जा लागते." त्या दिवशी मला तिचा राग आला होता, आणि खरं सांगते, बरेच दिवस टिकला.

ती परत गेली. पुढच्याच आठवड्यात, दोन बस बदलून, रिकाम्या हातांनी. आणि गेली तरी कशासाठी? तर घरोघर एवढंच सांगायला की, येत्या रविवारी मी येते, तुमच्यापाशी काही मागायचं आहे, घरी राहजा. सांगितलं आणि परत आली. मी कपाळावर हात मारला. पण त्या रविवारी मीही तिच्याबरोबर गेले, कारण न जाता घरी तळमळत बसणं जास्त कठीण होतं.

गावात पोहोचल्यावर ती परत दारोदार गेली. "आली मी. चला." बाया बुढीच्या ओट्यावर जमल्या. भोंग्यानं आपलं मागणं एका वाक्यात सांगितलं, "पोरीइले सकाळी एक तास ग्राउंड पाह्यजे," आणि गप्प बसली. मग बायांचा बांध फुटला. कोणी म्हणाली, तिथं कोपऱ्यात बाटल्या फुटलेल्या असतात. कोणी म्हणाली, पोट्टे मोबाइलवर फोटो काढतात. एकीनं विचारलं, पोरगी पळाले गेली त सकाळी पाणी कोण भरीन? "नीट समजलं नाही मावशी, परत सांगा ना," भोंगा म्हणत होती, आणि त्या परत सांगत होत्या. मला आठ-दहा वेळा तोंडावर उत्तर आलं होतं. ते मी मोठ्या कष्टानं गिळलं. तासाभरानं पाणी कोण भरणार हा प्रश्न आपसूक मागं पडला, बाटल्या आपण वेचू असं कोणीतरी म्हणालं, आणि राहिला तो मोबाइल.

पोट्ट्यांशी ती वेगळी बोलली, ग्राउंडवर जाऊन. ते म्हणाले, "ताई, आमची बी भरती आहे." खरंच होतं ते. घरची जमीन तुटपुंजी, वय निघून चाललेलं, दोनदोनदा अपयश आलेले पोट्टे होते ते. भोंग्यानं त्यांचंही सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी ठरलं काहीच नाही. ती आणखी एकदा गेली. मग आणखी एकदा. शेवटी पहिला उजेडाचा तास पोरींचा, नंतरचा पोट्ट्यांचा, असं जमलं, आणि बुढीनं आपला निकाल दिला. "मोबाइल काढीन त्याचा मोबाइल मी चुलीत घालीन. कोनावर भरोसा नाही माहा. मी सोता बसीन तिथी."

आणि ती खरंच बसली. गोणपाट अंथरून, अंगाला शाल गुंडाळून, हातात काठी. पुढं इतर बुढ्याही यायला लागल्या. त्यांनाही कुठं जायला जागा होती? पोरी पळायच्या, बुढ्या गावभराच्या गोष्टी करायच्या, आणि एखादी पोर मध्येच थांबली की काठी आपटून "पळ व, बसली काऊन!" असं ओरडायच्या. पाहुण्यांना बुढीनं निरोप पाठवला, पोरगी सध्या कामात आहे.

शीतल पहिल्या भरतीत गोळाफेकीत कमी पडली. तिनं भोंग्याला फोन केला तेव्हा मी शेजारी होते. भोंगा खूप वेळ नुसतं ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "बुढी काय म्हणे?" बुढी म्हणे, पुढच्या वक्ती फेक. पुढच्या वेळी शीतल लागली. वर्दीतला फोटो तिनं पहिला भोंग्याला पाठवला, आणि भोंग्यानं तो लगेच मला आणून दाखवला. मी तिच्यावर धरलेला राग तेव्हा कुठं पुरता गेला.

भोंगा आता ग्रामसेविका आहे, मेळघाटाच्या बाजूला. तिकडं रेंज नसते. कधी लागलाच फोन तर ती इतक्या हळू बोलते की रेंज गेली म्हणून मी ठेवून देते. मी आमचं हॉटेल सांभाळते. गेल्या ग्रामपंचायतीला निवडूनही आले, आणि प्रचारात एकदाही गाडीला भोंगा लावला नाही. बाबा अजून त्यावरून चिडवतात.

गेल्या हिवाळ्यात बुढी गेली. भोंगा इतक्या लांबून आली, मी साखरखेर्ड्यात तिला भेटले, आणि आम्ही दोघी शीतलच्या घरी मुक्कामाला राहिलो. शीतलला रजा संपवून ड्यूटीवर परतावं लागलं होतं. तिची आई म्हणाली, बुढी गेली तेव्हापासून पोरी पळायला गेलेल्या नाहीत, घरोघरी दुखवटा पाळतात. इतक्या वर्षांचं ते सगळं एका म्हातारीबरोबर संपतं की काय, ही धास्ती आम्हा दोघींच्या मनात होती.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही ग्राउंडवर गेलो. ग्राउंड रिकामं होतं. धुकं होतं, गवतावर दव होतं, त्यावर एकाही पावलाची खूण नव्हती. कुंपणाच्या बाहेर पोट्टे उभे होते. आता हे नवे पोट्टे होते, आम्ही ज्यांच्याशी बोललो होतो ते केव्हाच कामाधंद्याला लागले होते. कोणी हात चोळत होता, कोणी जागच्या जागी उड्या मारत होता, एकाच्या काखेत बॅट. आत मात्र कोणी जात नव्हतं.

भोंगा त्यांच्याजवळ गेली. "ग्राउंड त मोकळं आहे भाऊ. पळून काऊन नाही राह्यले?"

बॅटवाल्यानं तिला ओळखलं नाही. ओळखण्याचं काही कारणही नव्हतं. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की या परगावच्या बाईला एवढंही माहीत नाही.

"हा टाइम पोरीइचा आहे ताई," तो म्हणाला. "आज नाही आल्या त उद्या येतीन."

भोंगा त्यांच्या शेजारीच कुंपणाला टेकून उभी राहिली. मीही राहिले. उन्हं वर येईपर्यंत आम्ही सगळे तिथंच थांबलो, त्या रिकाम्या ग्राउंडकडं पाहत.